वायरीतली ठकठक

कान सगळ्यांनाच असतात, पण कानसेनांच्या कानांची गोष्टच निराळी. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं, ते म्हणजे ऐकायचं. पट्ट्यावरून पंप पुढ्यात आला की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं त्याच्या अंगावर दोनदा ठोकायचं, ठक ठक. मग पंप चालू करायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर धरायची आणि डोळे मिटायचे. बाहेर घण पडोत, भोंगा वाजो, नाहीतर साहेब बोंबलो, लोखंडातून वर चढलेला आवाज थेट कानसेनांच्या डोक्यात शिरायचा. बेअरिंगमधली एक गोळी रुसली असली तरी त्यांना कळायचं. सगळं ठाकठीक असेल तर डोळे न उघडताच म्हणायचे, "जाऊ दे पुढं."

त्यांनी पुढं जाऊ दिलेला पंप एकतीस वर्षांत कधी परत आला नाही. एक आला होता, पण त्यात उंदीर निघाला, आणि हा उंदीर कारखान्यातला नव्हे हे रीतसर चौकशीत सिद्ध झालं. कानसेन हे नाव कामगारांनीच दिलं. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथंच राहिलं.

निवृत्त होऊन वर्ष झालं तरी दोनदा ठोकायची खोड काही गेली नव्हती. खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची ठोकत, नवा फ्रिज आला तेव्हा फ्रिज ठोकला, बँकेत गेले तर काउंटर ठोकत, आणि आतला कारकून दचकून वर बघे. घरात काही काम सुरू करायचं म्हटलं की आधी टेबलावर बोटानं ठक ठक. बायको म्हणायची, "लग्नाआधी मला ठोकून बघितलं नाहीत, हेच माझं नशीब."

तर अशा या कानसेनांना एका रविवारी लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावी राहायची. चांगली बसल्या जागेची नोकरी सोडून तिनं पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचं काम धरलं होतं. लोक आता पुस्तकं कानांनी वाचतात म्हणे. कानसेनांनी त्यावर "बरं" एवढंच म्हटलं होतं, आणि त्यांच्या "बरं"मध्ये किती काळजी आहे ते लेकीला चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, एक काम आहे," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा बसलेला वाटला. "माझं पहिलं पुस्तक कंपनीनं दोनदा परत पाठवलं. आवाज छान आहे म्हणतात, उच्चार छान आहेत म्हणतात. पण ऐकता ऐकता मन मध्येच तुटतं म्हणे. का तुटतं ते त्यांनाही सांगता येत नाही. मी चार वेळा ऐकलं, मला काही म्हणजे काही सापडत नाही."

"मग?"

"पुढच्या सोमवारी शेवटचं पाठवायचंय. नाही पटलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला देतील, आणि मग मला पुन्हा कोण विचारणार? तुम्ही एकदा ऐकता का?"

"अगं, तुझी आई ऐकेल की."

"आई छानच म्हणणार. तुम्ही खरं सांगाल."

कानसेन त्या वेळी आरामखुर्चीत पडले होते. हे वाक्य ऐकलं आणि ते उठून उभे राहिले, आणि फोन संपेपर्यंत उभेच होते.

आता ऐकायचं म्हटलं तर कुठं ऐकायचं? शेजारच्या घरात फरशी बदलायचं काम चालू होतं आणि ते मागच्या उन्हाळ्यापासून चालूच होतं. वरच्या मजल्यावर निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांनी पायांनी मारायची सायकल घेतली होती, जी कुठंच जात नसे पण जाताना आवाज फार करी. घरात टीव्ही, मिक्सर, कपडे धुण्याचं यंत्र. कानसेनांनी फोन कानाला लावून रेकॉर्डिंग सुरू केलं. एका म्हाताऱ्या दीपगृहवाल्याची गोष्ट होती. "समुद्र त्या रात्री अगदी शांत होता," असं लेक म्हणाली आणि शेजारी यंत्रानं फरशी कापायला घेतली. शांत समुद्र तिथंच संपला.

हेडमास्तरांना जिन्यात ही अडचण सांगितली. हेडमास्तरांना अडचण सांगणं म्हणजे वर्गात बोट वर करण्यासारखं आहे, मग उत्तर पूर्ण ऐकावंच लागतं. ते म्हणाले, "कानावर बसणारे मोठे हेडफोन घ्या. माझे घेऊन जा." ते घालून कानसेनांनी पंधरा मिनिटं काढली. चष्म्याच्या काड्या डोक्यात रुतल्या, कानशिलं घामानं चिंब झाली, आणि फरशीचं यंत्र तरीही आत आलंच. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, "छे छे, बिनवायरीचे घ्या, कानात नुसते ठेवायचे." यावर कानसेनांचं तत्त्व आडवं आलं. आवाज कशातून येतो ते दिसल्याशिवाय त्यांचा त्यावर विश्वास बसत नसे. शेवटी कानात बसणारे, बाहेरचा आवाज अडवणारे आणि वायर असलेले इअरफोन घ्यायचे, असं ठरलं. किती साधं काम! सोमवारी सकाळी आणून दुपारी ऐकून संध्याकाळी लेकीला कळवायचं, असं कानसेनांनी बायकोला सांगितलंसुद्धा.

दुकानात एक पन्नाशीच्या विक्रेत्या बाई होत्या. चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्यांनी कानसेनांच्या कानात आधी टॉर्च मारून बघितलं. मग फोमची दोन पिटुकली बोंडं बोटांनी दाबून बारीक केली आणि म्हणाल्या, "आत घाला आणि हात न काढता वीस मोजा."

कानसेनांनी मोजायला घेतलं. बोंडं कानात हळूहळू फुगू लागली. पाचाला रस्त्यावरचे हॉर्न गेले. नवाला दुकानातलं गाणं गेलं. बाराला एसीची घरघर गेली. पंधरा-सोळाला पलीकडे भांडणाऱ्या नवराबायकोची नुसती तोंडं हलताना दिसू लागली, आणि विसाला काहीच उरलं नाही. कानसेनांनी आवंढा गिळला तर तो त्यांना स्वतःला ऐकू आला. एकतीस वर्षं आवाजाच्या गिरणीत काढलेला तो माणूस, त्याला असली शांतता कधी भेटलीच नव्हती. ते हरखून गेले. डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"बाई!" ते म्हणाले, "जग बंद पडलं हो!"

कानात बोंडं असल्यामुळे ते हे फारच मोठ्यानं म्हणाले. भांडणारं जोडपंसुद्धा थांबलं.

बाईंनी खुणेनं एक बोंड काढायला लावलं. "आता जरा चालून बघा. बाहेरचा आवाज अडवला की वायरीचा आवाज ऐकू येतो. वायर शर्टाला घासली, बटणावर आपटली, की ते सगळं वायरीतून सरळ कानात चढतं. चांगली वायर असेल तर कमी, वाईट असेल तर धाडधाड."

कानसेन चार पावलं चालले. धप, धप, खर्र, धप. ते जागच्या जागी थबकले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अहो, हा तर स्क्रूड्रायव्हर!" ते ओरडले. बाईंना काही कळेना. मग कानसेनांनी त्यांना बेअरिंग, हाड, लोखंड, एकतीस वर्षं, तो उंदीर, सगळं सांगितलं. बाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना सगळ्यांत शांत वायरीची जोडी दिली. निघताना कानसेनांनी काउंटरवर ठक ठक केलं.

दुपारी जेवून, दार लावून, टेबल ठोकून कानसेन बसले. बोंडं घातली, वीस मोजले. फरशीचं यंत्र गेलं, सायकल गेली, मिक्सर गेला. आणि मग लेक बोलू लागली.

आता हे कसं सांगावं? लेक त्यांच्या डोक्याच्या आत बसून बोलत होती. वाक्य सुरू करण्याआधी ती घेत असलेला बारीकसा श्वास ऐकू येत होता. "समुद्र" म्हणताना ओठ मिटले ते ऐकू आलं. ही पोर लहानपणी तापात बरळायची, तेव्हा उशाशी बसून ऐकलं होतं तेवढ्या जवळून कानसेनांनी तिला त्यानंतर कधी ऐकलं नव्हतं. आणि काय वाचत होती! दीपगृहवाला जिना चढू लागला तर कानसेनांचे गुडघे दुखू लागले. हे आपल्या घरात जन्मलं? ते अगदी थक्क झाले.

परिच्छेद संपला. लेक थांबली. आणि ठक ठक.

कानसेनांनी डोळे उघडले. वायरीकडे बघितलं. वायर पोटावर मुकाट पडली होती. पुढचा परिच्छेद सुरू झाला, संपला, आणि पुन्हा तेच. हलकंच, खोल कुठूनतरी, दुसऱ्या खोलीत कुणी पाट ठेवावा तसं. ठक ठक.

"वायर!" कानसेन म्हणाले.

आता निर्दोष वायरीशिवाय लेकीचा दोष शोधणार कसा? भिंगावरच डाग असेल तर कापडावरचा डाग दिसायचा कसा? हे त्यांनी संध्याकाळी बायकोला सविस्तर समजावलं. ती म्हणाली, "दुसरी वायर आणा आणि मला भाजी चिरू द्या."

मंगळवारी दुकानातल्या बाईंनी पहिली जोडी बदलून दिली. वायर कानाच्या वरून मागं घ्यायची, म्हणजे आवाज वर चढत नाही, असं दाखवलं. कानसेनांनी घरी तसं केलं. तासभर आरशासमोर झगडले, दोनदा चष्मा आणि वायर यांची गाठ बसली, एकदा बायकोला कात्री मागितली ती तिनं दिली नाही. शेवटी जमलं. लेक वाचू लागली, दीपगृहवाला जिना चढला, परिच्छेद संपला. ठक ठक.

त्याच संध्याकाळी बाईंनी तिसरी जोडी दिली, तीतही तेच. बुधवारी ती बदलायला गेले तेव्हा बाई रजेवर होत्या आणि काउंटरवर व्यवस्थापक होते. व्यवस्थापकांनी एक फॉर्म पुढं केला. "कानात घातलेला माल परत घेतला जात नाही. मात्र तांत्रिक दोष असेल तर तपासणी विभागाकडे पाठवता येतो."

"पण कानात घातल्याशिवाय दोष कळणार कसा?"

"तोच तर नियम आहे," व्यवस्थापक समजुतीच्या सुरात म्हणाले.

फॉर्ममध्ये 'कारण' या शब्दापुढं दीड बोट जागा होती. कानसेनांनी त्यात लिहायला घेतलं, मग समासात गेले, मग मागच्या पानावर गेले आणि शेवटी बेअरिंगची आकृती काढली. दुसऱ्या दिवशी तपासणी विभागाचा कागद आला. त्यावर शिक्का होता: दोष आढळला नाही.

हा घाव वर्मी बसला. ज्या माणसानं एकतीस वर्षं लोकांच्या यंत्रांवर निर्णय दिले, त्याच्या कानांवर कुणीतरी शिक्का मारला! कानसेन त्या दिवशी दोन घास कमी जेवले. शिवाय तिसऱ्या जोडीची बोंडं डाव्या कानातून सारखी निसटत होती. हेडमास्तर जिन्यात भेटले, म्हणाले, "वायरीला कशाला दोष देता? कान तपासून घ्या. वय झालं." विमा एजंट तिथंच होते, त्यांनी हळूच विचारलं, "पॉलिसी चालू आहे ना?"

"वय माझं झालंय, कानांचं नाही," कानसेन ताडकन म्हणाले. पण रात्रभर तळमळले, आणि सकाळी गुपचूप कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी त्यांना एका काचेच्या खोलीत बसवलं. भिंतींना मऊ गाद्या होत्या आणि हातात एक बटण होतं. आवाज ऐकू आला की दाबायचं. कानसेनांनी आधी खोलीची भिंत ठोकून बघितली, आवाज आला नाही, ते खूश झाले. मग मधूनमधून बटण दाबत राहिले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी एक आलेख पुढं ठेवला. रेघ सुरुवातीला वर होती आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली आली होती.

"बारीक किणकिण तुम्हाला आता ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले. "डास, घड्याळाची टिकटिक, पाखरं. कारखान्यानं खाल्लं ते. डावा कान जरा जास्त गेलाय."

घराजवळच्या झाडावर हल्ली पाखरं येत नाहीत, असं कानसेन वर्षभर बायकोला सांगत होते.

"पण ही सुरुवात बघा," डॉक्टरांनी रेघेच्या वरच्या टोकावर पेन टेकवलं. "खालच्या आवाजात, धडधड, ठकठक, यात तुमचा हात कुणी धरणार नाही. मी वीस वर्षांत असं बघितलं नाही. आणि डाव्या कानाचं भोक लहान आहे, त्याला लहान बोंड लावा."

म्हणजे अर्धा मान गेला आणि अर्धा राहिला. कानसेन रस्त्यानं येताना झाडाखाली मुद्दाम उभे राहिले. फांदीवर पाच-सहा पाखरं चोची उघडत होती आणि मिटत होती. ते बराच वेळ बघत राहिले. सगळ्या जगानं सांगितलं असतं तरी लेकीला हे त्यांच्यानं सांगवणार नव्हतं. ती त्यांच्या कानांवर विसंबून होती, आणि सोमवार तीन दिवसांवर आला होता.

चौथी जोडी विकतच घेतली, डाव्या कानाला लहान बोंड लावून बघितली, तीतही ठकठक होती. पाचवी जोडी, रजेवरून आलेल्या बाईंनी कपाटातून खास काढून दिली, सुती आवरणाची, रेशमासारखी मऊ वायर. ती देताना बाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "तुम्ही ऐकता तरी काय?"

"माझी लेक," कानसेन म्हणाले.

"दुसरं काही ऐकून बघितलंत का? एखादं गाणं?"

"गाणी ऐकायला वेळ कुणाला आहे, बाई?"

रविवार उजाडला. पाचव्या जोडीतही ठकठक होतीच. आता कानसेन इरेला पेटले. शर्टाची बटणं संशयित, म्हणून शर्ट काढला. खुर्ची संशयित, म्हणून खुर्ची सोडली. हवेनं वायर हलत असेल, म्हणून पंखा बंद केला. बायको बाजारात गेली होती. ती संधी साधून ते गाद्यारजयांच्या कपाटात शिरले, वायर कपडे वाळत घालायच्या चिमट्यानं वरच्या हँगरला टांगली, दार आतून ओढून घेतलं आणि अंधारात नुसत्या बनियनवर बसून वीस मोजले.

असं ऐकणं त्यांच्या आयुष्यात झालं नव्हतं. कपाट गेलं, घर गेलं, स्वतःचं अंगसुद्धा गेलं. लेक वाचत होती. दीपगृहवाल्याला आता दिसेनासं झालंय, तरी तो रोज दिवा लावतो, हा भाग आला होता. ती तो इतका हळू, इतका सांभाळून वाचत होती की कानसेनांना झाडावरची मुकी पाखरं आठवली आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. पुसायला हात हलवला नाही, वायर हलली असती.

इकडे बायको दोन पिशव्या घेऊन दारात उभी. किल्ली घरातच राहिली होती. तिनं बेल दाबली. पुन्हा दाबली. दार बडवलं. सायकल थांबवून हेडमास्तर खाली आले. विमा एजंट वर आले. फरशीवाले गवंडी यंत्र बंद करून आले. दार सगळ्यांनी मिळून बडवलं.

"काल मला म्हणाले होते," हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले, "ठकठक काही थांबत नाही म्हणून."

"कुठली ठकठक?" बायकोचा चेहरा उतरला.

"ते मी विचारलं नाही. पण असं छातीशी हात धरून म्हणाले." वायर छातीवरूनच जाते, हे हेडमास्तरांना काय माहीत?

एजंटांनी रुग्णवाहिका बोलावली. गवंड्यांनी कुलूप तोडलं. सगळे आत घुसले. हॉल रिकामा, स्वयंपाकघर रिकामं, खुर्चीवर शर्ट लोंबतोय. बायको नाव घेऊन हाका मारू लागली. चौतीस वर्षांत तिनं त्यांना नावानं कधी हाक मारली नव्हती. शेवटी कपाटाच्या फटीतून बाहेर आलेली बनियनची कड कुणालातरी दिसली. दार उघडलं. आत रजयांवर कानसेन, डोळे मिटलेले, गाल ओले, डोक्यावर चिमट्याला टांगलेली वायर.

"अगं आई गं!" बायको किंचाळली.

उजेड लागताच कानसेनांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. "थांबा," ते मोठ्यानं म्हणाले, "परिच्छेद संपू दे."

त्यानंतर बायको जे बोलली ते सगळं इथं देता येणार नाही. त्यातला बराचसा भाग रजयांबद्दल होता, थोडा कुलपाबद्दल, आणि शेवटी, "मेले मी तिथं बाहेर उभी राहून, मेले!" असं म्हणत ती तिथंच पिशव्यांवर बसून रडू लागली. कानसेन घाबरून कपाटातून उतरले. रुग्णवाहिकेतले दोघं स्ट्रेचर घेऊन दारात उभे होते, कुणाला घालायचं ते त्यांना कळेना.

"असं आहे तरी काय त्यात?" बायको डोळे पुसत म्हणाली, आणि तिनं त्यांच्या उजव्या कानातलं बोंड ओढून काढून आपल्या कानात घातलं.

आठवडाभर ज्या शांततेसाठी कानसेनांनी जंग जंग पछाडलं ती एका कानातून भस्सकन गेली. त्यात गवंडी कुजबुजत होते, हेडमास्तर कुणालातरी काही समजावत होते. कानसेनांनी तरी रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. नवराबायको एका वायरीला बांधल्यासारखी जवळजवळ उभी राहिली. लेक वाचू लागली. परिच्छेद संपला.

"ऐकलंस?" कानसेन कळवळून म्हणाले. "ही. ही ठकठक. पाच जोड्या झाल्या, थांबतच नाही ही वायर!"

बायकोचे डोळे विस्फारले होते. "परत लावा," ती म्हणाली. त्यांनी परत लावलं. ठक ठक. "आणखी एकदा." ठक ठक.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "ही वायर नाही. हे तुम्ही आहात."

"मी? मी हललोसुद्धा नाही!"

"आता नाही हो. तुमची सवय ही. ती करतेय, ती! सुट्टीत डबा घेऊन तुमच्याकडे कारखान्यात यायची, खोक्यावर बसायची, तुम्ही तिला छोटा स्क्रूड्रायव्हर दिला होता, आठवतंय का? तुम्ही ठोकलं की तीही ठोकायची. घरी अभ्यासाला बसायची तर आधी पाटी ठोकायची. बोर्डाच्या परीक्षेला सारखी बाक ठोकते म्हणून मास्तरांनी उभी केली होती तिला. नवा परिच्छेद सुरू करायचा म्हणून ठोकतेय पोर, आणि तिला पत्ताही नाही!"

कानसेन मटकन रजयांवर बसले. म्हणजे पाचही जोड्या निर्दोष होत्या. तपासणी विभागाचा शिक्का खरा होता. शोधायला सांगितलेला दोष पहिल्याच दिवशी, पहिल्याच परिच्छेदानंतर त्यांच्या कानात येऊन बसला होता, आणि तो घालवायला ते गावभर हिंडत होते. का सापडला नाही? तर तो त्यांचाच होता म्हणून. हसावं की रडावं, त्यांना कळेना. स्ट्रेचरवाल्यांनी विचारलं, "मग आम्ही जाऊ?" तेव्हा कुठं ते भानावर आले आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

त्यांनी तिला सगळं सांगितलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी आत्ता माझ्या हाताकडे बघतेय. बोट टेबलावरच आहे."

त्या रात्री तिनं बसून सगळ्या ठकठकी कापून काढल्या. सोमवारी पुस्तक गेलं. गुरुवारी कंपनीचं उत्तर आलं: आता मन कुठंच तुटत नाही, हे घेतो, आणि पुढचं कधी सुरू करता?

शुक्रवारी कानसेन दुकानात गेले, बाईंपुढं उभे राहिले आणि त्यांनी स्वतःहून तो फॉर्म मागितला. 'कारण' या शब्दापुढच्या दीड बोट जागेत लिहिलं: दोष आढळला. आमच्याच घरचा निघाला. बाईंनी तो वाचला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पुन्हा वाचला आणि फाइलला लावला. पाचवी जोडी मात्र त्यांनी परत केली नाही.

घरी आले तर फोनवर लेकीनं काहीतरी पाठवलं होतं. 'बाबांसाठी', एवढंच नाव. कानसेन खुर्ची ठोकून बसले, बोंडं दाबून कानात घातली, वीस मोजले. फरशीचं यंत्र गेलं, सायकल गेली. मग आवाज आला.

ठक ठक. ठक ठक. ठक ठक.

पुस्तकातून कापलेल्या सगळ्या, दोनशे बारा, तिनं एकापुढं एक जोडून पाठवल्या होत्या. बोलणं नाही, समुद्र नाही, नुसतं तिचं बोट. सुरुवातीच्या घाबरलेल्या होत्या, जरा घाईच्या. पुढं पुढं हात बसत गेला. मधल्या कुठल्यातरी दमलेल्या होत्या, ती रात्री उशिरापर्यंत वाचत बसली असणार. शेवटच्या पंचवीस-तीस इतक्या सरळ, इतक्या भक्कम आल्या की कानसेनांच्या अंगावर काटा आला. ते एकही न सोडता सगळ्या ऐकत राहिले. बायको दारात येऊन उभी राहिली, काही विचारणार होती, पण त्यांचा चेहरा बघून थांबली.

शेवटची ठकठक झाली. कानसेनांनी क्षणभर वाट बघितली, आत कुठं काही खरखरतंय का ते नीट ऐकलं, आणि डोळे न उघडताच म्हणाले, "जाऊ दे पुढं."